डोळे मिटलेली नवरी

फोटोताईचा एक नियम होता. लग्नघरी पहिल्यांदा जायचं ते रिकाम्या हातांनी. कॅमेरा नाही, नमुन्याचे अल्बम नाहीत, दरपत्रक तर नाहीच नाही. बरोबर फक्त एक जाड पुठ्ठ्याची वही, आणि तीही पिशवीच्या तळाशी. बसायचं, चहा आला तर घ्यायचा, दुसरा आला तर तोही घ्यायचा आणि कान उघडे ठेवायचे. कोणत्या काकांचं कोणत्या काकांशी बोलणं बंद आहे, कोणाला गुडघ्यामुळे फार वेळ उभं राहवत नाही, कोण फोटो म्हटलं की पोट आत ओढतं आणि श्वास सोडायचाच विसरतं, कोणत्या मावशीला आपल्या उजव्या गालाचा अभिमान आहे, हे सगळं तिला दोन कप चहात कळायचं. घरी येऊन ती ते वहीत उतरवायची. मग लग्नाच्या दिवशी ती अशी वावरायची, जणू त्या घराशी तिची तीन पिढ्यांची ओळख आहे. लोक म्हणायचे, हिला आमच्या मनातलं कळतं तरी कसं!

कळायला काय झालंय? ऐकलं की कळतं. पण हे तिच्या वडिलांना पटेल तर शपथ.

ती चालवत होती तो स्टुडिओ आधी वडिलांनी चाळीस वर्षं चालवला होता. आता ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसून पेपरातलं शब्दकोडं सोडवायचे आणि एक डोळा लेकीच्या कारभारावर ठेवायचे. आयुष्यात ते एकाही गिऱ्हाइकाच्या घरी गेले नव्हते. "तू फोटो काढतेस की सोयरिकी जमवतेस?" असं ते आठवड्यातून एकदा तरी विचारायचेच. त्यांच्या मते फोटोग्राफरने वेळेवर यावं, काम चोख करावं आणि ज्याने ऑर्डर दिली त्याच्या हातात पाकीट ठेवून मोकळं व्हावं. लोकांच्या घरातल्या भानगडी आपल्याला कशाला हव्यात?

फोटोताईला त्या हव्या असायच्या. पण तिच्या पद्धतीत एक खोट होती, आणि ती तिलाही ठाऊक होती. समोरच्याचा चेहरा उतरलेला तिला बघवत नसे. कोणी काही मागितलं की तिचं तोंड आधी 'हो' म्हणून मोकळं व्हायचं आणि डोकं मागाहून धापा टाकत पोचायचं. आजवर निभावलं होतं, कारण एकाच घरातल्या दोघांनी तिच्याकडे एकमेकांच्या अगदी उलट काही मागितलं नव्हतं. ते या घरात झालं.

घर दुसऱ्या मजल्यावरचं, तीन खोल्यांचं. नवरी औषधांच्या दुकानात काम करणारी, चटपटीत, बोलघेवडी. तिचे बाबा टपाल खात्यातले, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, दर तिसऱ्या वाक्याला विनोद करून आधी स्वतःच हसणारे. आई मात्र स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यामध्ये नुसती ये-जा करत होती. चहा ठेवला, गेली. बिस्किटं ठेवली, गेली. मधेच नवरीने "चला, सगळ्यांचा एक फोटो" म्हणत मोबाइल उचलला, तर आई अशी गायब झाली की बिस्किटांची ताटली अजून टेबलावर डुगडुगत होती.

बाहेरच्या खोलीत भिंतीवर एकच मोठा फोटो होता. बाबांची आई. जाऊन सहा वर्षं झाली होती, पण फोटोत काय तेज होतं! मान ताठ, हनुवटी किंचित वर, ओठांवर नुकतीच एखादी लढाई जिंकल्याचं हसू. कोणत्या तरी मोठ्या फोटोतून तेवढा भाग कापून वाढवला होता, हे फोटोताईच्या नजरेने लगेच टिपलं. डाव्या कडेला कोणाच्या तरी वेलबुट्टीच्या बाहीची एक पट्टी राहून गेली होती. "आमची आई," बाबा म्हणाले. "या एका फोटोत ती अगदी जशीच्या तशी आलीय." हे मात्र त्यांनी विनोद न करता सांगितलं.

निघताना नवरी जिन्यापर्यंत सोडायला आली.

"ताई, बाकी तुम्ही काय काढाल ते काढा. मला एकच गोष्ट हवीय. आईचा एक फोटो."

"एकच कशाला? पन्नास काढते की."

"तसं नाही हो. आमच्या घरात आईचा धड फोटोच नाही. आहे तो कोपर आहे." नवरी हसली. "खरंच सांगते. माझ्या पहिल्या वाढदिवसाच्या फोटोत आईचा कोपर आहे. शाळेच्या पहिल्या दिवशी आईची पाठ आहे. सहलीच्या फोटोत आईने तोंडासमोर धरलेली टोपी आहे. आता मी इतक्या लांब राहायला जाणार. बरोबर काय नेऊ, कोपर?"

हसता हसता तिचे डोळे भरून आले आणि तिने ते मनगटाने पुसले.

"मिळेल," फोटोताई म्हणाली. "माझा शब्द."

दुसऱ्या भेटीत ती मुद्दाम दुपारची गेली. घरात आई एकटीच होती, इस्त्री करत. शर्टाच्या कॉलरवर पाणी शिंपडायचं, इस्त्री फिरवायची, वाफ बाजूला झाली की पुढचं बोलायचं, असं संथपणे चाललेलं. फोटोताईने न विचारताच घड्या घालायला घेतल्या. दहाव्या घडीला आईची भीड चेपली.

"तू बरी आहेस गं," ती म्हणाली. "म्हणूनच सांगते. माझा फोटो काढायचा नाही. एकही नाही. मागून नाही, लांबून नाही, चुकूनसुद्धा नाही."

"का हो काकू?"

आईने इस्त्री उभी ठेवली, कपाट उघडलं आणि चादरींच्या खालून एक अल्बम काढला. तिच्या स्वतःच्या लग्नाचा, तीस वर्षांपूर्वीचा. त्यात अकरा फोटो होते. एकात नवरा बत्तीशी दाखवून हसतोय आणि शेजारी नवरीचे डोळे मिटलेले. एकात फुलं देणारी पाहुणी वाकलीय आणि नवरीचे डोळे मिटलेले. एकात दोन्हीकडची सगळी माणसं मांडलेल्या बरण्यांसारखी ओळीने उभी, मधोमध सासूबाई ताठ मानेने आणि त्यांच्या शेजारी नवरी, डोळे मिटलेली. अकराच्या अकरा फोटोंत ती बाई झोपलेली दिसत होती.

"अल्बम आला त्या दिवशी नणंद म्हणाली, वहिनी लग्नात झोपली होती. सगळे हसले. मीही हसले." आई शांतपणे सांगत होती. "मग जो पाहुणा येईल त्याला अल्बम दाखवायचा आणि तोच विनोद. आमचे हे अजून म्हणतात, झोपाळू नवरी. बरं, खोटं तरी काय आहे त्यात? माझा चेहराच तसला. कॅमेरा दिसला की डोळ्यांवर पडदा पडतो. गंमतच आहे. पण माणसाने स्वतःवर किती वर्षं हसायचं?"

तिने एक फोटो उलटा करून पुढे धरला. मागे निळ्या शाईचा शिक्का होता. फोटोताईच्या वडिलांच्या स्टुडिओचा.

फोटोताईला त्या क्षणी इस्त्रीच्या टेबलाखाली शिरावंसं वाटलं.

"मी तुमचा स्टुडिओ नकोच म्हणत होते," आई म्हणाली. "लेकीने हट्ट धरला, म्हणून गप्प बसले. पण आता तू शब्द दे. लेकीच्या लग्नात तरी मला चोरासारखं फिरायला लावू नकोस."

आणि फोटोताईने शब्द दिला. दुसरं काय करणार होती ती?

जिन्याच्या मधल्या पायरीवर मागाहून धापा टाकत येणारं डोकं पोचलं. मुलीला फोटोचा शब्द, आईला न काढण्याचा शब्द. लग्नाला नऊ दिवस उरलेले. कोणा एकीपुढे तरी ती खोटी ठरणार होती.

धंद्यातल्या कोणालाही विचारलं असतं तर त्याने हसत सांगितलं असतं, लांबून लेन्स लाव, खांबाआड उभी राहा, बाईला कळणारही नाही. फोटोताईच्याही मनात ते आलं, नाही असं नाही. पण ज्या घरात बसून आपण दहा शर्टांच्या घड्या घातल्या, त्या घरात चोरी करायची? आणि त्या चोरलेल्या फोटोतही डोळे मिटलेलेच आले तर? दोन दिवस तिला जेवण गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी तिने सगळं वडिलांना सांगून टाकलं.

शब्दकोड्यावरची पेन्सिल थांबली.

"माझ्या फोटोंत? अकराच्या अकरा?"

"मी डोळ्यांनी बघितले."

"शक्य नाही." वडिलांचा आवाज चढला. त्यांच्या हाताच्या कामाला कोणी नावं ठेवली की ते असेच चिडायचे. "मी प्रत्येक फोटो तीनदा काढायचो. एक त्यांच्यासाठी, एक माझ्यासाठी आणि एक कोणी डोळे मिटले तर. तीनही वेळा तीच बाई डोळे मिटेल? आणि तेही अकरा वेळा? काहीतरीच बोलतेस."

"मग शोधू या."

रविवारी सकाळी त्यांनी मागच्या खोलीतलं लोखंडी कपाट उघडलं. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत वर्षावार पाकिटं लावलेली. वडील ऑर्डरीपुरतं बोलत असतील, पण निगेटिव्ह त्यांनी पोटच्या पोरासारखी सांभाळली होती. चौथ्या डब्यात ते पाकीट मिळालं. आत निगेटिव्हच्या पट्ट्या होत्या आणि एक मोठा कागद, ज्यावर सगळ्या छत्तीस फोटोंचे तिकिटाएवढे ठसे छापलेले. गिऱ्हाईक तो कागद बघून फोटो निवडायचं आणि निवडलेल्यांभोवती लाल पेन्सिलीने गोल केला जायचा.

वडिलांनी कागद खिडकीपाशी धरला, डोळ्याला भिंग लावलं आणि एकेक ओळ तपासली. मग भिंग लेकीच्या हातात दिलं.

छत्तीसपैकी तेवीस फोटोंत नवरी टक्क जागी होती. एकात ती सरळ समोर बघत होती, भुवया जराशा वर, आता काहीतरी विचारणार अशी. एकात दात दिसतील एवढं हसत होती. एकात नवऱ्याकडे तिरक्या डोळ्यांनी बघत होती आणि त्या बिचाऱ्याला पत्ताच नव्हता. काय डोळे होते! त्या चेहऱ्यावर बघण्यासारखं दुसरं काही नसतं तरी चाललं असतं. आणि लाल गोल मात्र सगळे उरलेल्या तेरांमध्ये. मोजून अकरा.

"असं कसं निवडलं कोणी?" फोटोताई म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिला दिसलं. सासूबाई सगळीकडे होत्या. पाहुण्यांच्या फोटोत होत्या, जोडप्याच्या फोटोतसुद्धा खुर्चीमागे होत्या. नवरीचे डोळे जिथे उघडे, तिथे सासूबाई कोणावर तरी ओरडत होत्या, नाक पुसत होत्या किंवा त्यांना दोन हनुवट्या आल्या होत्या. जिथे सासूबाई राणीसारख्या, तिथे लाल गोल. भिंतीवरची ती हनुवटी, ते जिंकल्याचं हसू, तेही गोलातच होतं.

कागदाच्या मागे वडिलांच्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'निवड: मुलाची आई.'

"आठवलं," वडील हळूच म्हणाले. "आल्या, बसल्या, भिंग लावलं, दहा मिनिटांत काम संपवलं. मी म्हटलं होतं त्यांना, बाई, नवरीचे डोळे मिटलेत. तर म्हणाल्या, नवीन नवरी आहे, लाजलेलीच बरी दिसते."

"आणि तुम्ही?"

"ऑर्डर त्यांची होती. मी छापून दिले." त्यांनी कागद पुन्हा पाकिटात घातला, पुन्हा काढला. "नवरीला विचारावं, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही बघ. चाळीस वर्षांत कधीच नाही."

फोटोताईने तोंडाशी आलेलं बोलणं गिळलं. वडिलांचं तोंड एवढंसं झालं होतं.

"त्यांच्याकडे तू कधी जाणार आहेस?" त्यांनी विचारलं. "मी येतो."

आता फोटोताईला वेगळीच धास्ती लागली. बाबांना आपल्या आईचं किती कौतुक, ते तिने पाहिलं होतं. लग्न आठवड्यावर आलेलं. अशा वेळी त्या भिंतीवरच्या बाईची तीस वर्षांपूर्वीची करणी उकरून काढायची म्हणजे घरात आग लावून फोटो काढायला उभं राहण्यातला प्रकार. वडिलांनी तिला धीर दिला. "मी निवडले, असं सांगतो. माझ्या खात्यावर एक चूक वाढली तर काही बिघडत नाही."

असे ते दोघं गेले. वडिलांनी ठेवणीतला शर्ट घातला होता. गिऱ्हाइकाच्या घरी कसं बसतात याची त्यांना सवय नव्हती, म्हणून ते खुर्चीच्या अगदी कडेवर बसले, आणि बसले तेही नेमके त्या फोटोखाली. चहा आला तर कप हातात धरून ठेवला, प्यायचा असतो हे विसरूनच गेले. आईचा चेहरा ताठरलेला होता. घरी आलेल्या माणसाला बोलू नये, म्हणून ती गप्प होती एवढंच.

"बाई," वडील म्हणाले, "तुमच्या लग्नाचे फोटो मी काढले होते. काढण्यात नाही, पण निवडण्यात चूक झाली. माझ्याकडून. एवढं बघा."

आईने कागद घेतला. भिंग कसं धरायचं ते फोटोताईने दाखवलं. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. तिसऱ्या ओळीवर आईचा हात थांबला.

"ही मी आहे?"

"तुम्हीच."

"डोळे उघडे आहेत."

"तेवीस ठिकाणी," वडील म्हणाले. "मी दोनदा मोजलेत."

आई पुन्हा पहिल्या ओळीपासून बघायला लागली. या वेळी फार सावकाश, एकेका ठशावर थांबत. मग भिंग खाली ठेवलं आणि वस्तू हातात आली की ती उलटून बघायची जी बायकांना सवय असते, त्या सवयीने तिने कागद उलटला.

वडिलांनी कप बशीत ठेवला तो खण्णकन वाजला.

आईने ती ओळ वाचली. मान वर करून भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. आणि मग ती हसायला लागली. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला, मग तिला बसावं लागलं.

"ती बाही बघ," ती फोटोताईला म्हणाली. "ती कडेची. वेलबुट्टीची. माझी बाही आहे ती! सहा वर्षं मी रोज तो फोटो पुसतेय, आणि मला वाटायचं, कोणाची बरं असेल ही बाही." तिने डोळे पुसले. "अशाच होत्या हो त्या. आरशासमोरून कधी सरळ पुढे गेल्या नाहीत. पण बाई गं, म्हणजे माझ्या डोळ्यांचा काही दोषच नव्हता! मी उगाच इतकी वर्षं बिचाऱ्यांवर राग धरला."

फोटोताईच्या छातीवरचा धोंडा निम्मा तरी उतरला. वडिलांनी चहाचा पहिला घोट घेतला, गार झालेला.

तेवढ्यात बाबा भाजीची पिशवी घेऊन आले. काय चाललंय म्हणून त्यांनीही भिंग लावलं आणि त्या तिरक्या डोळ्यांच्या फोटोवर अडकले. विनोद सुचेना.

"तू माझ्याकडे बघत होतीस?"

"मग काय छताकडे?"

"आणि मी आपला तीस वर्षं झोपाळू, झोपाळू म्हणत बसलो." ते पिशवी हातात घेऊन तसेच उभे राहिले. मग विचारलं, "मागे काय लिहिलंय?"

आईने कागदावर तळहात ठेवला. "तारीख," ती म्हणाली.

निघताना दारात फोटोताईने चाचरत विषय काढला. "काकू, मग लग्नात एखादा..."

"शब्द दिलायस ना? मग शब्द तो शब्द," आई म्हणाली आणि दार लावून घेतलं. झालं. धोंडा पुन्हा जागच्या जागी.

लग्नाच्या दिवशी हॉल माणसांनी फुलून गेला होता. फोटोताई सकाळपासून पायाला भिंगरी लावल्यासारखी फिरत होती. गुडघेवाल्या आत्यांना आधी बसवलं, न बोलणाऱ्या दोन काकांमध्ये एक जाडजूड मामा उभा केला, सगळं वहीबरहुकूम. आणि आई समोर आली की कॅमेरा खाली. आई नवरीच्या केसातलं फूल नीट करायला आली, कॅमेरा खाली. आई पाणी घेऊन आली, कॅमेरा खाली. पडद्यावर फोटो मागे सरकवून बघितले तर नवरीच्या शेजारी सगळीकडे एक रिकामी जागा. आज तर कोपरसुद्धा नव्हता. हॉलच्या दुसऱ्या टोकाकडून नवरी भुवया उडवून विचारत होती, मिळाला? फोटोताई नजर चुकवत होती.

दुपारी तिला ते सहन होईना. नवरी तयारीच्या खोलीत जरा टेकली होती, तिथे जाऊन तिने दार लोटलं आणि सांगून टाकलं.

"तुझ्या आईचा फोटो मी काढलेला नाही. काढणारही नाही. तुला शब्द दिला, आणि मग त्यांनाही उलटा शब्द दिला. त्यांना फसवून काढला असता तर तुला मिळाला असता. पण तो तू बघितलास की त्यांना कळलंच असतं. चुकलं माझं."

नवरी आरशातल्या स्वतःकडे बघत राहिली.

"तुम्ही दोघींनाही हो म्हणालात?"

"हो."

"कमाल आहे तुमची," नवरी म्हणाली. तिच्या आवाजात राग किती, रडू किती, ते फोटोताईला कळेना.

दार उघडलं. आई.

"इथे तोंड लपवून काय बसल्यात दोघी? बाहेर माणसं खोळंबलीत." मग ती फोटोताईकडे वळली. "आणि तू. मी समोर आले की तुझा कॅमेरा खाली. सकाळपासून बघतेय मी. चार वेळा तर मुद्दाम मधे आले. खांबामागूनसुद्धा काढलास का, तेही बघितलं. सतरा वेळा खाली घेतलास."

"शब्द दिला होता, काकू."

"दिला होतास आणि पाळलास. माझी खात्री झाली." आईने पदरासारखी ओढणी खांद्यावर नीट केली, लेकीच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि समोर बघितलं. "आता काढ."

हुश्श! फोटोताईने कॅमेरा उचलला.

पण संकट म्हणजे कसं असतं बघा, पुढच्या दाराने गेलं की मागच्या दाराने येतं. आईने ठरवलं होतं की आज डोळे मिटू द्यायचे नाहीत. तिने ते असे ताणले की भुवया कपाळाच्या मध्यावर गेल्या. या फोटोत वटारलेले, त्या फोटोत वटारलेले. जावयाबरोबरच्या फोटोत तर ती त्याला दम देतेय असं दिसत होतं आणि तो बिचारा खरोखरच घाबरला होता.

"काकू, जरा सैल सोडा."

"सैल सोडले की मिटतील," आई ओठ न हलवता म्हणाली.

चाळीस फोटो झाले. पाहुणे पांगले. कामगार खुर्च्या एकावर एक रचायला लागले. निघायची वेळ झाली तशी नवरी आईला बिलगली. आईने सवयीने अंग चोरलं, नेमका कोपर पुढे आला. फोटोताई तीन पावलांवर होती, म्हणून नवरीचं कुजबुजणं तिला ऐकू आलं.

"आई, आज नुसता कोपर नको हं. सगळी ये."

आई खदकन हसली. डोकं लेकीच्या खांद्यावर टेकलं, डोळे मिटले, गालांवरून पाणी ओघळलं आणि हसू काही थांबेना. फोटोताईने एकदाच बटण दाबलं. वडिलांसारखं तीनदा दाबायचं तिला सुचलंच नाही.

दोन आठवड्यांनी सगळे स्टुडिओत आले, निवड करायला. स्टुडिओत आता नवा नियम झाला होता, आणि तो वडिलांनी काढला होता. ज्यांचे फोटो, त्या सगळ्यांनी येऊन बसायचं. त्यांनी स्वतः उठून खिडकीजवळची आपली खुर्ची आईला दिली. फोटोताईने ते सगळे फोटो लहान आकारात छापून टेबलावर मांडले होते. डोळे उघडे असलेले चाळीस आणि कडेला, जरा बिचकतच, तो एक.

आईने एकेक फोटो उचलला. "ही मी? भूत बघितल्यासारखी काय दिसतेय!" दुसरा उचलला, तिसरा उचलला, आणि स्वतःच हसत सुटली. मग तिचा हात त्या कडेच्या फोटोपाशी आला. तिने तो उजेडात धरला. बाबा मागून वाकले.

"अगं, यात डोळे मिटलेत," ते घाबरत म्हणाले. झोपाळू हा शब्द त्यांनी घरात बंदच केला होता.

"दिसतंय मला," आई म्हणाली. "हाच."

"नक्की?" वडिलांनी विचारलं. "बाई, घाई नाही. पुन्हा बघा."

"मिटलेत तर मिटलेत. या वेळी माझे मी मिटलेत."

नवरीने तो फोटो तिच्या हातातून घेतला, बघितला आणि पर्समध्ये टाकायला निघाली. वडिलांनी तिला थांबवलं. लाल पेन्सिल काढली, फोटो उलटा केला आणि मागे लिहिलं, 'निवड:'. मग ते अडले.

"काय लिहू? नवरीची आई?"

आईने जरा विचार केला.

"जिचा फोटो, तिची," ती म्हणाली, आणि वडिलांनी ते तसंच लिहिलं.